एकभुज श्रम आणि अस्थींची साक्ष : खेळाडूंच्या असम देहविकासाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वर्षानुवर्षे टेनिस खेळलेल्या खेळाडूचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर ते एकाच माणसाचे आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही. रॅकेट धरणाऱ्या हाताचा दंड व मनगट भरदार असते, त्या बाजूचा खांदा किंचित खाली उतरलेला असतो; दुसरा हात मात्र चारचौघांसारखा. १९६२ व १९६९ अशा दोन वर्षी चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा डावखुरा खेळाडू रॉड लेव्हर याच्या डाव्या हाताची चर्चा त्याच्या खेळाबरोबरच होत असे. वेगवान गोलंदाज, भालाफेकपटू, तलवारबाज यांच्या देहावरही कमीअधिक प्रमाणात हीच खूण आढळते.

शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात या विषयाचा विचार प्रामुख्याने 'दोष व त्याचे निवारण' या अंगाने केला जातो. तो आवश्यकच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या असमतेला आणखी एक महत्त्व आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका हाताने खेळणाऱ्या खेळाडूची हाडे ही शेकडो व हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडे वाचण्याची मोजपट्टी ठरली. ज्यांनी स्वतःविषयी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, अशा माणसांच्या श्रमांचा पुरावा त्यांच्या दंडाच्या हाडात शोधला जाऊ लागला. ही मोजपट्टी कशी घडली, तिने काय दाखविले आणि काय दृष्टीआड केले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

समतेचा जुना आग्रह

व्यायामाने शरीर एकांगी होऊ नये, हा विचार प्राचीन आहे. झेनोफनच्या 'सिम्पोझियम' या ग्रंथात सॉक्रेटिस नृत्याची बाजू घेताना दिसतो. लांब पल्ल्याचे धावपटू पायांनी जाड व खांद्यांनी बारीक होतात, मुष्टियोद्ध्यांचे याच्या उलट होते. नृत्यात मात्र सर्व अंगे सारखी राबतात, असे त्याचे म्हणणे. येथे प्रश्न वरच्या व खालच्या अंगांचा आहे. उजव्या-डाव्याचा प्रश्न प्लेटोने 'लॉज' या ग्रंथाच्या सातव्या भागात सरळ उपस्थित केला. दोन्ही हात निसर्गतः जवळपास सारखेच असतात. दाया व माता यांच्या अविचारी सवयींमुळे माणसे एका हाताने जणू पांगळी होतात, असे त्याने म्हटले आहे. उदाहरण म्हणून त्याने शक लोकांचा दाखला दिला. ते धनुष्य व बाण कोणत्याही हाती धरू शकतात, तेव्हा नगरातील मुलामुलींनाही तसेच शिकवावे, असा त्याचा आग्रह आहे.

भारतीय परंपरेत याच क्षमतेचे नाव 'सव्यसाची' असे आहे. दोन्ही हातांनी गांडीव ओढता येते म्हणून आपणास हे नाव पडले, असे विराटपर्वात अर्जुन उत्तराला सांगतो. त्याच पर्वातील दुसरा तपशील अधिक बोलका आहे. अज्ञातवासात बृहन्नडेचे रूप घेताना अर्जुनापुढे अडचण उभी राहते ती चेहऱ्याची नव्हे, हातांची. प्रत्यंचेच्या घर्षणाने पडलेले घट्टे त्याच्या दोन्ही बाहूंवर आहेत आणि ते बांगड्यांखाली झाकावे लागतात. माणसाचा व्यवसाय त्याच्या हातावरून ओळखता येतो, हे महाभारतकाराने गृहीतच धरले आहे. सामान्य धनुर्धराच्या एकाच हातावर असणारी खूण अर्जुनाच्या दोन्ही हातांवर असावी, यात त्याचे वेगळेपण आहे.

कष्टकऱ्यांच्या देहाकडे याच नजरेने पाहणारा पहिला मोठा ग्रंथ इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याचा. १७०० साली प्रसिद्ध झालेल्या या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात त्याने आपल्या ओळखीच्या एका लेखनिकाची हकिकत दिली आहे. आयुष्यभर लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. काही काळाने डाव्या हातालाही तेच दुखणे जडले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या प्राध्यापकवर्गाला या हकिकतीचे मर्म निराळे सांगावयास नको.

मुद्गलांची जोडी आणि दोन हातांची चळवळ

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शरीराच्या असमतेची काळजी मध्यमवर्गाच्या घरापर्यंत पोहोचली. डोनल्ड वॉकर याने १८३४ साली पुरुषांच्या व्यायामावर व १८३६ साली स्त्रियांच्या व्यायामावर पुस्तके प्रसिद्ध केली. लिहिणे, चित्र काढणे, वाद्य वाजविणे, घोड्यावर एका बाजूस बसणे अशा सवयींमुळे मुलींचा कणा व खांदे वाकडे होतात, अशी त्याची तक्रार होती. त्याने सुचविलेल्या उपायांत एक भारतीय साधन होते. ब्रिटिश सैन्याने हिंदुस्थानात पाहिलेले मुद्गल तोपर्यंत विलायतेत पोहोचले होते आणि 'इंडियन क्लब' या नावाने रूढ होत होते. स्त्रियांसाठी वॉकरने त्यांचेच हलके रूप पुढे केले. १८६६ मध्ये सिम केहो याने न्यूयॉर्क येथे या व्यायामावर स्वतंत्र पुस्तक काढले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या तालमीत या साधनाला 'जोडी' म्हणतात. दोन हातांत दोन मुद्गल घेऊन ते आळीपाळीने खांद्यामागून फिरवावयाचे, असा तो व्यायाम. दंड, बैठका, मल्लखांब या सर्वांत शरीराच्या दोन्ही बाजूंना काम आहे. एकच गदा फिरवावयाची असली तरी ती एकदा उजव्या व एकदा डाव्या खांद्यावरून घेतली जाते. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला आपली कमकुवत बाजू कळली की डाव गेलाच. म्हणून ही समता तालमीत सौंदर्यासाठी आली नाही, गरजेतून आली. प्लेटोनेही कुस्ती व मुष्टियुद्ध नीट शिकलेला माणूस डावीकडून लढताना अडखळत नाही, असा नेमका हाच दाखला दिला होता. विलायतेत गेल्यावर मात्र मुद्गल हे कुस्तीगिराचे साधन न राहता वाकड्या खांद्यांवरील औषध झाले.

पुढे या काळजीला मोजमापाची जोड मिळाली. हार्वर्ड विद्यापीठात १८७९ पासून शारीरिक शिक्षणाची धुरा वाहणाऱ्या डडली सार्जंट याने हजारो विद्यार्थ्यांची मापे घेऊन तक्ते तयार केले आणि प्रत्येकाच्या उणिवेनुसार व्यायाम ठरवून दिला. त्याच्या मापांवरून घडविलेले नमुनेदार विद्यार्थी व विद्यार्थिनी यांचे पुतळे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडले गेले. सरासरी आणि आदर्श यांची गल्लत येथून सुरू झाली असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या विचाराचे टोक १९०३ साली लंडनमध्ये गाठले गेले. जॉन जॅक्सन याने दोन्ही हातांच्या समान वापराचा प्रचार करणारी एक संस्थाच स्थापन केली. १९०५ मधील त्याच्या पुस्तकाला बालवीर चळवळीचे पुढील काळातील प्रवर्तक बेडन-पॉवेल यांची प्रस्तावना आहे. दोन्ही हात वापरल्याने मेंदूच्याही दोन्ही बाजू जाग्या होतील, ही त्यामागील कल्पना. जेम्स क्रिक्टन-ब्राऊन या वैद्याने १९०७ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात तिचा कठोर समाचार घेतला. उजव्या हाताचे प्राधान्य मेंदूच्या रचनेतून आलेले आहे, ते पुसून टाकण्याचा खटाटोप व्यर्थ होय, असे त्याचे मत होते. चळवळ ओसरली, असमता हा दोषच आहे ही समजूत मात्र व्यायामशाळांतून टिकून राहिली.

दुसरा हात हाच साक्षीदार

वास्तविक हाडे ताणानुसार आपली घडण बदलतात, हे बर्लिनचा शल्यवैद्य युलियस वोल्फ याने १८९२ साली ग्रंथरूपाने मांडलेच होते. प्रश्न होता तो सिद्धतेचा. खेळाडूची हाडे सामान्य माणसापेक्षा जाड आढळली, तर ती खेळामुळे जाड झाली की मुळातच दणकट हाडाची माणसे खेळाकडे वळतात, हे कसे ठरवावयाचे? या पेचातून एका हाताने खेळणाऱ्यांनी वाट काढून दिली. त्यांच्या दोन्ही हातांना रक्त तेच, अन्न तेच, आईबापांकडून आलेला वारसाही तोच. फरक फक्त श्रमाचा. न खेळणारा हात हाच खेळणाऱ्या हाताचा साक्षीदार ठरला.

१९५६ मध्ये बस्कर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेनिसपटूंच्या कोपराखालील हातांची अशी तुलना प्रसिद्ध केली. १९७७ साली जोन्स व सहकाऱ्यांचा ८४ व्यावसायिक टेनिसपटूंवरील अभ्यास आला आणि तो या विषयातील मैलाचा दगड ठरला. क्ष-किरण चित्रांत खेळणाऱ्या हाताच्या दंडाच्या हाडाचे कठीण कवच दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत ३४.९ टक्क्यांनी व स्त्रियांत २८.४ टक्क्यांनी जाड आढळले. याच गटातील प्रीस्ट व नेगल यांनी १९७६ मध्ये खेळणाऱ्या बाजूच्या उतरत्या खांद्याचेही वर्णन केले होते.

स्नायू सराव सुटला की ओसरतो. हाड तितक्या सहज विसरत नाही. फिनलंडमधील कॅनस व सहकाऱ्यांनी १९९५ साली टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या १०५ स्त्रियांचा अभ्यास मांडला. ज्यांनी ऋतुप्राप्तीपूर्वी वा त्या सुमारास खेळ सुरू केला होता, त्यांच्या दोन हातांच्या हाडांतील खनिजांचा फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा दोन ते चार पट होता. अमेरिकेतील बेसबॉलपटूंवरील वॉर्डन व सहकाऱ्यांचा २०१४ मधील अभ्यास याच्याही पुढे गेला. चेंडू फेकल्याने दंडाच्या हाडाचे बळ जवळपास दुप्पट होते आणि खेळ सोडल्यानंतर म्हातारपणापर्यंतही त्या लाभापैकी सुमारे एक तृतीयांश शिल्लक राहतो, असे त्यात दिसून आले. बालपणी व तारुण्यात केलेले श्रम हाडांत लिहिले जातात आणि ती अक्षरे मृत्यूपर्यंत वाचता येतात, ही इतिहासाभ्यासकाच्या कामाची गोष्ट होय.

एक सावधगिरीही याच अभ्यासांतून मिळते. सांचिस-मोयसी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये व्यावसायिक टेनिसपटूंच्या पोटाचे स्नायू मोजले. पोटाचा सरळ स्नायू रॅकेटच्या विरुद्ध बाजूस सुमारे ३५ टक्क्यांनी मोठा निघाला. सर्व्हिस करताना धड विरुद्ध दिशेने वाकते व वळते, म्हणून असे घडते. तेव्हा 'ज्या बाजूचा हात, त्या बाजूचे बळ' हे समीकरण हाताच्या पलीकडे लागू पडेलच असे नाही.

'मेरी रोझ'वरील माणसे

ही मोजपट्टी ऐतिहासिक सांगाड्यांना लावण्याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकांतील एक प्रमुख जहाज १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना पोर्ट्समथजवळ बुडाले. सुमारे पाचशे माणसांपैकी फार थोडी वाचली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा सांगाडा पाण्याबाहेर काढण्यात आला. चिखलात लाकूड व हाडे उत्तम टिकली होती. यू वृक्षाच्या लाकडाची १३७ अखंड धनुष्ये, साडेतीन हजारांहून अधिक बाण आणि किमान १७९ माणसांचे अवशेष हाती आले. ही धनुष्ये पूर्ण ओढण्यास १०० पासून सुमारे १८० पौंडांपर्यंत जोर लागत असावा, असा अंदाज आहे.

असे धनुष्य ओढणारा माणूस एका वर्षात तयार होत नसे. तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये सुटीच्या दिवशी फुटबॉलसारखे खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करावा, असे फर्मान काढले होते. धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर याने १५४९ साली राजासमोर दिलेल्या प्रवचनात आपल्या वडिलांची आठवण सांगितली आहे. वय व ताकद वाढेल तसे मोठे धनुष्य ते विकत आणून देत. आणि केवळ हाताच्या जोराने न ओढता सारे अंग धनुष्यात घालावयाचे, हे त्यांनी शिकविले.

सांगाड्यांचा अभ्यास ॲन स्टर्लंड यांनी केला. खांद्याच्या पात्याचे वरचे टोक तारुण्यात मुख्य हाडाशी सांधले जाते. 'मेरी रोझ'वरील पात्यांपैकी १२.५ टक्के, म्हणजे आठांत एक, या ठिकाणी सांधलेलेच नव्हते. सामान्यतः आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा हे बरेच अधिक होते. कोवळ्या वयापासून जड धनुष्ये ओढल्याचा हा परिणाम असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लोकप्रिय पुस्तकांतून व माहितीपटांतून मात्र याचा 'एका बाजूने फुगलेला धनुर्धर' असा सोपा अर्थ प्रचलित झाला. प्रत्यक्षात स्टर्लंड यांनी नॉर्विच येथील मध्ययुगीन पुरुषांच्या हाडांशी तुलना केली, तेव्हा जहाजावरील माणसांच्या खांद्यांतील उजव्या-डाव्याचा फरक उलट कमी झालेला आढळला.

लॅटिमरचे शब्द आठवले की यात आश्चर्य उरत नाही. जड धनुष्य उजव्या हाताने ओढावे लागते तितकेच डाव्या हाताने पुढे रेटावे लागते. नांगर, कोयता, कुऱ्हाड यांनी उजवा हात आधीच पुढे गेलेला असताना धनुष्याने डाव्याला त्याच्या बरोबरीस आणले, असे म्हणता येईल. टेनिसपटू आणि धनुर्धर हे दोघेही 'एका हाताचे' वाटत असले, तरी त्यांच्या हाडांतील साक्ष परस्परविरुद्ध आहे. शिवाय सापडलेल्यांपैकी प्रत्येक जण धनुर्धर नव्हता. खलाशी, तोफची, सुतार, स्वयंपाकी हेही त्यांत होते. २०२४ साली लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी १३ ते ४० वयोगटातील बारा जणांची गळ्यापाशी असणारी आडवी हाडे तपासली. वयानुसार होणारे रासायनिक बदल उजव्या बाजूच्या हाडात अधिक ठळक होते. त्यामागे धनुष्य नसून रोजच्या कामातील उजव्या हाताचा वापर असावा, असे त्यांना वाटते. एकाच जहाजावरील माणसांचे खांदे एक हकिकत सांगतात आणि त्यालाच लागून असलेले हाड दुसरी.

भाला की चामडे?

इतिहासपूर्व काळाकडे वळताच हा पेच अधिक गंभीर होतो. एरिक ट्रिंकॉस, स्टीव्हन चर्चिल व ख्रिस्तोफर रफ यांनी १९९४ मध्ये निअँडर्थल मानवाच्या दंडाच्या हाडांची तुलना अलीकडील लोकसमूहांशी व टेनिसपटूंशी केली. सामान्य माणसांत दोन हाडांच्या बळातील फरक साधारण ५ ते १४ टक्के, टेनिसपटूंत २८ ते ५७ टक्के, आणि निअँडर्थल मानवांत २४ ते ५७ टक्के असा निघाला. म्हणजे त्यांचा उजवा हात व्यावसायिक टेनिसपटूच्या तोडीचा होता. तो कशाने झाला? भाल्याने, हे उत्तर सर्वांना पटले; शिकारीचे चित्र डोळ्यांसमोर उभे करणे सोपेही होते.

२०१२ मध्ये कॉलिन शॉ, जे स्टॉक व सहकाऱ्यांनी हे उत्तर प्रयोगाने तपासून पाहिले. आजच्या पुरुषांना दोन्ही हातांनी भाला खुपसण्याचे व चामडे खरवडण्याचे काम देऊन त्यांच्या खांद्याच्या व छातीच्या स्नायूंची हालचाल नोंदविण्यात आली. भाला खुपसताना जोर डाव्या हाताकडे अधिक जात होता. उजव्या हाताकडे जास्त जोर जात होता तो चामडे खरवडताना. शिकाऱ्याच्या पराक्रमाचा पुरावा मानले गेलेले हाड बहुधा कातडी कमावण्याच्या कंटाळवाण्या, तासन्‌तास चालणाऱ्या कामाचा पुरावा होता. कातडी कमावणाऱ्यांचे काम आपल्याकडे ज्या नजरेने पाहिले गेले, ते लक्षात घेता या दुरुस्तीचे महत्त्व आपल्या वाचकांना अधिक जाणवावे.

दोन्ही हातांचे श्रम

या मोजपट्टीची आणखी एक मर्यादा बराच काळ कोणाच्या ध्यानी आली नाही. असमता शोधणाऱ्या नजरेला समतेत काही दिसत नाही. दोन्ही हात सारखेच राबले, तर त्यांच्यातील वजाबाकी शून्य येते आणि श्रमच नव्हते असा भास होतो. याच शॉ व स्टॉक यांच्या २००९ मधील अभ्यासात क्रिकेटपटूंचा चेंडू फेकणारा हात वेगळा उठून दिसला, तर जलतरणपटूंचे दोन्ही हात सारखेच बळकट आढळले. पाण्यात केलेली मेहनत केवळ उजव्या-डाव्याच्या फरकावरून ओळखता आली नसती.

प्राचीन स्त्रियांच्या बाबतीत असेच घडले. त्यांची हाडे दीर्घकाळ पुरुषांच्या हाडांशी ताडून पाहिली जात आणि त्यांच्या श्रमांचे माप कमी भरे. ॲलिसन मॅकिन्टॉश, रॉन पिन्हासी व जे स्टॉक यांनी २०१७ साली मध्य युरोपातील प्रागैतिहासिक स्त्रियांच्या हाडांची तुलना प्रथमच आजच्या स्त्री खेळाडूंशी केली. त्यांत केंब्रिज विद्यापीठाच्या नौकावल्हवणाऱ्या स्त्रिया होत्या. त्या आठवड्याला सरासरी १२० किलोमीटर अंतर वल्हवीत. सुमारे ७४०० ते ७००० वर्षांपूर्वीच्या शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडे शरीराच्या मानाने या खेळाडूंपेक्षा ११ ते १६ टक्क्यांनी बळकट निघाली. खेळ न करणाऱ्या विद्यार्थिनींपेक्षा ती सुमारे ३० टक्क्यांनी अधिक बळकट होती. पायांच्या हाडांत मात्र असे वेगळेपण नव्हते.

मशागत, पेरणी, कापणी यांबरोबर या स्त्रियांच्या वाट्याला मुख्यतः धान्य दळण्याचे काम होते, असे संशोधकांना वाटते. गोल फिरणारे जाते तेव्हा नव्हते. खोलगट दगडावर दुसरा दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटावयाचा, अशी ती रीत होती, आपल्या पाट्या-वरवंट्यासारखी. दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननातही, असे दळण्याचे दगड घरांतून मिळाले आहेत. त्यांवर ओणवे होऊन दळणाऱ्या बाईच्या उजव्या हाडातून डावे हाड वजा केले, तर हाती फारसे काही लागणार नाही. तिचे दोन्ही दंड एकत्र मोजावे लागतील.